उलटा पंखा आणि पाठमोरे व्याही

माझ्या व्याह्यांना सगळं गाव पाठमोरे म्हणतं. हे त्यांचं आडनाव नव्हे, कमावलेलं नाव आहे. पेशाने ते सुतार. कपाट करायला घेतलं की जी बाजू जन्मभर भिंतीला चिकटून राहणार, तिलाही पुढच्याइतकंच पॉलिश. गिऱ्हाईक म्हणायचं, "मिस्त्री, मागचं कोण बघणार आहे?" हे म्हणायचे, "कपाटाला माहीत असतं ना." झालं, तेव्हापासून पाठमोरे.

आमची पहिली भेट सांगतो, म्हणजे माणूस लक्षात येईल. मुलांनी आपलं आपलं लग्न ठरवलं होतं आणि हे सहकुटुंब आमच्याकडे आले होते. मी नवा सदरा घालून बसलो होतो. मुलगा बिचारा ताठ बसून घामाघूम. व्याही आले, नमस्कार झाला, आणि पुढच्या क्षणी ते दिसेनात. बघतो तर जेवणाच्या टेबलाखाली! आतून आवाज आला, "हे तुम्हाला सागवान म्हणून दिलंय का हो?"

मी अभिमानाने म्हटलं, "अस्सल सागवान!"

"आंबा आहे. वर रंग मारलाय. पण सांधे चांगले आहेत, टिकेल." मग डोकं बाहेर काढून मुलाकडे पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाले, "मुलगाही बरा वाटतोय."

वीस वर्षं झाली. टेबल टिकलं, लग्नही टिकलं. पण आजही भाजी अळणी झाली की आमची ही म्हणते, "आंब्याच्या टेबलावर बसून सागवानी तोरा नको."

गुडघे गेल्यावर पाठमोऱ्यांनी दुकान मुलाकडे सोपवलं. रिकामे बसले नाहीत. लोक जुन्या लाकडी वस्तू घेऊन येऊ लागले: हे काय आहे, किती जुनं आहे, काय मोलाचं आहे, सांगा. हे डोळे मिटून बोटं फिरवणार, नख लावून बघणार, शेवटी नाक टेकवून वास घेणार. एकदा एक गृहस्थ पेटी घेऊन आले, म्हणे दोनशे वर्षांची, खापरपणजोबांची. यांनी झाकण उघडलं, बिजागरीकडे बघितलं आणि विचारलं, "तुमच्या खापरपणजोबांकडे मशीनवर कातलेला स्क्रू कुठून आला हो?" गृहस्थ चहा अर्धा टाकून गेले. हे मात्र लंगडत त्यांच्या मागे गेले, "अहो, पेटी चांगली आहे! फक्त गोष्ट खोटी आहे!"

तर आता पंख्याकडे येतो.

बस थांब्याजवळच्या गल्लीत शिंपीणबाईंचं दुकान आहे. माझ्या पँटी गेली तीस वर्षं त्याच सैल करतात. दुकानात आरशाच्या वर माणसाहून लांब असा लाकडी पंखा आडवा टांगलेला. छताचा नव्हे, विमानाचा. दोन पाती, मधे जाड गड्डा, टोकांना पितळी पत्रा. हा पंखा त्यांच्या वडिलांचा. वडील मोटार मेकॅनिक होते आणि एकच गोष्ट त्यांनी हजार वेळा सांगितली होती. एकदा एक जुनंपुराणं विमान गावाबाहेरच्या माळावर उतरलं. पंख्याचं टोक तडकलेलं. पायलटने रेल्वेने दुसरा पंखा मागवला, तो बसवला यांनी, आणि जुना पंखा बक्षीस मिळाला. "आणि गंमत अशी," ते शेवटी सांगायचे, "त्या विमानाचा पंखा उलटा फिरायचा! इतर विमानांचा असा, त्याचा असा."

पंखा दिसतच होता, पण उलटा फिरायचा म्हटल्यावर लोकांनी ठरवलं की बाकीचंही खोटंच. कुठल्यातरी जत्रेतल्या पाळण्यावरून उचलून आणला असेल म्हणाले. माणसाचं नाव पडलं उलटपंखे. बाई तेव्हा शाळेत होत्या. उलटपंख्याची पोरगी म्हणणाऱ्या किती पोरांना त्यांनी पट्टीने बडवलं, याचा हिशोब त्यांनीही ठेवला नाही. वडील जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण नाव काही गेलं नाही.

एक दिवस पँट आणायला गेलो तर बाई कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "दुकान आवरतेय. लेकाकडे राहायला जाणार. त्याच्या घरात मी मावते, पंखा मावत नाही."

"मग?"

"एका हॉटेलवाल्याला हवाय. दोन्ही टोकांना लाल दिवे लावून गल्ल्यावर टांगणार म्हणे." बाईंनी सुई तोंडात धरावी तसे ओठ आवळले. "मी वस्तुसंग्रहालयात गेले. तिथल्या बाई चांगल्या आहेत हो, पण शिस्तीच्या. म्हणाल्या, जाणकाराचं लेखी पत्र आणा. काय आहे, कशाचा आहे, किंमत काय धरायची. नाहीतर आम्ही घेतला तरी खाली चिठ्ठी लावू, 'शोभेचा पंखा'. शोभेचा! म्हणजे आमचे बाबा थापाडे ते थापाडेच. तेही आता काचेच्या कपाटात, कायमचे."

मी म्हटलं, "काळजी करू नका. आमचे व्याही आहेत."

व्याह्यांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. "तो पंखा? अहो, त्याचं पॉलिश माझंच! चाळीस वर्षं झाली. बाईंनी दुकान काढलं तेव्हा वडिलांनी माझ्याकडे दिला होता. काय काळाकुट्ट, ओरखडलेला! मी असा केला की त्यात तोंड बघून दाढी करावी."

खरंच, आरसा बरा की पंखा बरा अशी झळाळी होती त्याला. मी स्वतः त्यात टोपी नीट केलेली आहे.

पण पाठमोरे कुठलंही काम अभ्यासाशिवाय करत नाहीत. सार्वजनिक वाचनालयातून त्यांनी जुन्या विमानांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. तीन दिवस भिंग घेऊन बसले. पहिल्या दिवशी फोन केला, "व्याहीबुवा, हे एका ओंडक्यातून कोरत नाहीत बरं का. पातळ फळ्यांचे थर सरसाने चिकटवायचे, मग तासायचं. म्हणून त्यावर पट्टे दिसतात." दुसऱ्या दिवशी फोन, "टोकांच्या पत्र्याला बारीक भोकं असतात. आत शिरलेलं पाणी फिरताना बाहेर फेकलं जावं म्हणून. काय डोकं आहे!" तिसऱ्या दिवशी फोन आलाच नाही.

चौथ्या दिवशी मी गेलो. पुस्तक पालथं पडलेलं, व्याही छताकडे बघत.

"काय हो, तब्येत बरी नाही?"

"मी जायचं नाही म्हणतोय. बाईंना सांगा, गुडघे दुखतात."

"गुडघे दहा वर्षं दुखताहेत. खरं बोला."

त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मला काय त्यातलं कळतंय! मग त्यांनीच सांगितलं. अशा पंख्याची ओळख त्याच्या गड्ड्यावर ठोकलेली असते: क्रमांक, लांबी, पात्याचा पीळ, कुठल्या इंजिनाचा. ते शिक्के असले तर पंख्याला नाव-गाव आहे. आणि पुस्तकात ठळक अक्षरात छापलंय की जुन्या पंख्याला पॉलिश पेपर कधीही लावू नये, जुना थर म्हणजेच त्याचा दाखला.

"मग?"

"मग काय? होते ना आकडे! मला चांगले आठवतात. मी म्हटलं, कोणी टवाळखोराने चांगल्या लाकडावर ठोकलेत. पुट्टी भरली, घासले, साफ. ती पाणी जायची भोकंसुद्धा बुजवली हो मी! तीही मन लावून." त्यांनी हात कपाळावर मारला. "व्याही, त्या माणसाचा एकुलता एक साक्षीदार होता तो पंखा. मी त्याची जीभ कापली, आणि वर चाळीस वर्षं मिरवतोय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मागच्या बाजूला असतील."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अजून आंब्याला सागवान म्हणतोय. "मागची बाजू? माझ्या हातची? मागची बाजू मी सोडेन?"

बरोबरच होतं. नाव पाठमोरे, आणि पाठ सोडतील?

मी त्यांना रिक्षात घातलं तरीही. म्हटलं, पत्र देऊ नका, पण बाईंना तोंडाने तरी सांगा. हॉटेलवाला सोमवारी येणार होता, आणि आज शनिवार.

दुकानात वस्तुसंग्रहालयाच्या बाईही पंखा बघायला आलेल्या. चष्म्याला दोरी, हातात वही. शिंपीणबाईंनी चहा ठेवला, बिस्किटं काढली. व्याह्यांनी बिस्कीट हातात घेतलं आणि ते हातातच धरून, उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. शिक्के होते. मी घासले. चूक माझी, तुमच्या वडिलांची नाही.

शिंपीणबाईंनी शिवणयंत्राचं चाक उगाच अर्धा फेरा फिरवलं. मग म्हणाल्या, "बाबांनी पॉलिश बघून तुमची किती तारीफ केली होती मिस्त्री. दोन दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवत होते."

याच्याऐवजी त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर व्याह्यांना सोपं गेलं असतं. त्यांनी बिस्कीट परत बशीत ठेवलं आणि बाकावर चढले. गुडघे विसरून. डोळे मिटले आणि तळहात पात्याच्या एका कडेवरून नेला, मग दुसऱ्या कडेवरून. पुन्हा एकदा. डोळे उघडले.

"बाई, वडील काय म्हणायचे? कसा फिरायचा?"

"उलटा."

"उलटाच फिरतो."

आम्ही तिघंही पुढे सरकलो. व्याह्यांनी दाखवलं: पात्याची जाड, गोल कड वाऱ्यात आधी घुसते आणि पातळ कड मागून येते. "नेहमीच्या विमानांत पायलटच्या जागेवरून बघितलं तर पंखा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. हा काट्यांच्या विरुद्ध जाणार. पुस्तकात आहे, अशीही काही इंजिनं होती."

संग्रहालयाच्या बाईंनी चष्मा सावरला. "पण टांगताना उलटा टांगला असेल तर?"

"टांगा कसाही. डावा बूट उपडा केला म्हणून उजवा होतो का?"

बाईंनी स्वतःच्या चपलेकडे बघितलं, मग मान डोलावली. पण शिस्त ती शिस्त. "हे पटलं. पण शोभेसाठी कोरणाऱ्या सुतारानेही चुकून उलटा कोरला असेल. खऱ्या इंजिनावर बसला होता याचा पुरावा लागेल. तेवढ्यावर मी 'शोभेचा' खोडू शकत नाही."

"खरं आहे तुमचं," व्याही पुटपुटले. "पुरावा मी खाल्ला."

"निदान खाली तरी काढा," शिंपीणबाई म्हणाल्या. "हॉटेलवाल्याला काढून ठेवते म्हटलंय."

मी एका टोकाला, संग्रहालयाच्या बाई दुसऱ्या टोकाला, गड्ड्यापाशी व्याही. कापायच्या टेबलावर शिंपीणबाईंनी जुनी रजई अंथरली. आम्ही पंखा पालथा ठेवला.

मागची बाजू काळीकुट्ट होती.

व्याही ओरडले, "हे माझं काम नाही!"

"आहे, आहे," शिंपीणबाई म्हणाल्या, "तुमच्याकडून आला तसा टांगलाय."

"शक्य नाही! मी पाठ सोडली? मी?" त्यांनी बाही ओढून पुसून बघितलं, जणू काळ्याखालून पॉलिश निघणार होतं. "चाळीस वर्षं हे असं भिंतीवर? लोकांनी काय म्हटलं असेल!"

"अहो, लोकांनी बघितलंच नाही!" मी म्हटलं. "व्याही, बाजूला व्हा, हात काढा आधी. आकडे आहेत!"

होते. गड्ड्यावर ठोकलेले, धुळीने भरलेले, पण शाबूत. क्रमांक, लांबी, पीळ, इंजिनाची खूण. पुढे घासला गेला तोच शिक्का मागेही होता. संग्रहालयाच्या बाई वहीत उतरवू लागल्या, शिस्त विसरून चक्क समासातसुद्धा. गड्ड्यातल्या बोल्टांच्या भोकांभोवती लाकडात गोल ठसा दबलेला, थाळीएवढा. "लोखंडी चकती आवळल्याशिवाय असा ठसा उठत नाही," व्याही म्हणाले. आवाज अजून रडवेलाच, कारण मन त्या न केलेल्या पॉलिशवर. "आठ बोल्ट. हा इंजिनावर बसला होता, आणि फिरलाही. भोकं बघा, एका अंगाला किंचित लांबलीत. उलट्या अंगाला."

शिंपीणबाई ऐकत नव्हत्या. त्या भोकांच्या कडेला वाकून बघत होत्या. तिथे खिळ्याने ओरखडलेले बारीक आकडे होते, एक ते आठ. पण ओळीने नाहीत. एकच्या समोर दोन, तीनच्या समोर चार, असे आडवे-तिडवे.

"हे काय?" संग्रहालयाच्या बाईंनी विचारलं.

"मोटारीचं चाक आवळतात तसं," मी म्हटलं. बस डेपोच्या भांडारात जन्म गेला माझा, एवढं मला कळतं. "शेजारचा बोल्ट लगेच आवळला तर चाक तिरकं बसतं. समोरासमोरचे आवळायचे. पंखा उतरवून असा पालथा ठेवला असेल, आणि नव्याला कसा आवळायचा ते त्यावर मांडून घेतलं असेल."

शिंपीणबाई तरातरा आत गेल्या. एक लाकडी गज घेऊन आल्या, कापड मोजायचा. दुकान काढलं तेव्हा वडिलांनीच करून दिलेला, आकडेही त्यांनीच कोरलेले. त्यांनी तो पंख्याशेजारी ठेवला. गजावरच्या पाचाची शेपटी मागे वळून वर उचललेली होती, मांजराची असते तशी. पंख्यावरच्या पाचाचीही.

"बाबांचा पाच," बाई म्हणाल्या. "शाळेत मी असा काढायचे म्हणून मार खाल्लाय."

संग्रहालयाच्या बाईंनी गज हातात घेतला, दोन्ही पाचांकडे आळीपाळीने बघितलं, वही उघडली आणि आधी लिहिलेल्या एका शब्दावर सरळ रेघ मारली. शब्द कोणता ते सांगायला नको.

मग शिंपीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि पदरातूनच म्हणाल्या, "मिस्त्री, बिस्कीट खा आता."

पण मिस्त्री कोड्यात पडले होते. "पण मी पाठ का सोडली असेल?" असं चारदा म्हणाले. रिक्षात पाचव्यांदा. आमच्या घरी येऊन सहाव्यांदा म्हणाले तेव्हा आमची सूनबाई, म्हणजे त्यांची लेक, भाजी निवडत होती.

"बाबा, कधीचं हे काम?"

"बाईंनी दुकान काढलं तेव्हाचं. दोन दिवस पुढची बाजू केली. तिसऱ्या दिवशी दुपारी पालथा केला, पॉलिश पेपर हातात घेतला, आणि..." ते थांबले. तोंड उघडं ते उघडंच.

"आणि?"

"आणि तुझी मावशी धावत आली. म्हणाली, दवाखान्यात चला, वेळ झालीय. मी पेपर टाकला आणि पळालो. संध्याकाळी तू झालीस. दुसऱ्या दिवशी मी शुद्धीवर होतो का? तसाच उचलून देऊन आलो."

सूनबाईने भाजीचं ताट खाली ठेवलं. "म्हणजे मी वेळेवर जन्मले म्हणून पंखा वाचला. आणि तुम्ही सगळे मला म्हणता, हिला कुठेच वेळेवर पोहोचता येत नाही!"

त्यानंतर महिनाभर ती आमच्या घरात कशालाही उशिरा आली तरी कोणी तोंड उघडू शकलं नाही. आमची हीसुद्धा नाही, आणि ते सोपं नाही.

व्याह्यांनी पत्र लिहिलं. सुवाच्य अक्षरात, दोन पानं. काय, कशाचं, कुठल्या लाकडाचं, किती थरांचं. शेवटी किंमत धरली आणि खाली ओळ टाकली: 'पुढच्या बाजूचे शिक्के व जुना थर मी स्वतः घासून काढल्यामुळे किंमत निम्म्यावर आली आहे.' खाली सही. शिंपीणबाई म्हणाल्या, ही ओळ काढा, कोणी विचारलंय का? व्याही म्हणाले, "पंख्याला माहीत आहे ना."

हॉटेलवाला सोमवारी आला. बाईंनी त्याला चहा पाजला आणि लाल दिव्यांसकट परत पाठवला.

संग्रहालयात पंखा लागला त्या दिवशी आम्ही सगळे गेलो. खाली चिठ्ठी होती: पंख्याचा क्रमांक, इंजिन, वडिलांचं पूर्ण नाव, आणि त्यापुढे 'यांनी विमानाचा हा पंखा बदलला.' त्याखाली वेगळी ओळ: 'हा पंखा उलट दिशेने फिरत असे.' शिंपीणबाईंनी ती ओळ मोठ्याने वाचली. मग पुन्हा वाचली. शाळेतली पाचसहा मुलं रांगेत चालली होती. त्यांना थांबवून तिसऱ्यांदा वाचायला लावली. त्यांचा काय दोष! पण मुकाट्याने वाचली बिचाऱ्यांनी.

व्याही मात्र पंख्यासमोर उभे, चेहरा पडलेला. मला कारण कळलं नाही. मग नीट बघितलं. आकडे दिसावेत म्हणून संग्रहालयाच्या बाईंनी पंखा पालथा टांगला होता. काळीकुट्ट, ओरखडलेली बाजू सगळ्यांसमोर. आणि ते दाढी करण्याजोगं पॉलिश भिंतीकडे तोंड करून.

"व्याहीबुवा," मी हळूच म्हटलं, "आता त्याचं कोण बघणार आहे?"

पाठमोऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. इकडेतिकडे कोणी नाही असं पाहून गाल भिंतीला टेकवला, पंख्याच्या मागच्या फटीत एक डोळा घातला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"चमकतंय," म्हणाले.